दोष कुणाचा, भार कुणाचा? समाजाच्या पापाविषयी बायबल

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी जमावाने सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि रोशन व सुधीर ही दोन मुले यांची हत्या केली. मृतदेह कालव्यात टाकले गेले. घरातले एकटे सुरेखा यांचे पती भैयालाल तेवढे वाचले. महिनाभराने विदर्भात मोर्चे निघू लागले, तपास सीबीआयकडे गेला आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने अकरापैकी आठ आरोपींना दोषी धरले. सहा जणांना फाशीची शिक्षा झाली, दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा दोन्ही न्यायालयांनी सिद्ध मानला नाही. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये वारले.

न्यायालयाचे काम आरोपींच्या यादीपुरते असते. यादीबाहेरच्या माणसांचे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. अशा प्रत्येक घटनेनंतर आपल्याकडे दोन सूर निघतात. एक म्हणतो, अख्खे गावच तसले. दुसरा म्हणतो, चार टाळक्यांपायी गावाचे नाव खराब झाले. पहिला सूर सुक्याबरोबर ओले जाळतो. दुसऱ्याला ती चार टाळकी शिक्षेला गेली की गाव सुटल्यासारखे वाटते.

या दोन सुरांमधला वाद बायबलमध्ये शेकडो वर्षे चालला आहे. भोतमांगे कुटुंब बौद्ध होते, गाव बहुसंख्येने हिंदू, आणि बायबल दोघांचाही धर्मग्रंथ नाही. तरी ते इथे अगदीच परके नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हापासून विदर्भात ते मराठीतून वाचले जात आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त मंडळीची स्थापनाही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. विदर्भातल्या उपासनांमध्ये ‘पाप’ हा शब्द दर रविवारी उच्चारला जातो, पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ माझे पाप, माझी क्षमा, माझे तारण एवढाच राहतो. गावाचे, जातीचे, शहराचे, सरकारी यंत्रणेचे पाप असते का, आणि असल्यास ते फेडायचे कुणी, याबद्दल ग्रंथात काय आहे ते पाहण्यासाठी हा आढावा.

एकाचे पाप, सगळ्यांना फटका

सगळ्यात अवघड थर यहोशवाच्या पुस्तकात सापडतो. यरीहो पडल्यावर लुटीला हात लावायचा नाही असा हुकूम होता. आखान नावाच्या माणसाने एक उंची झगा, दोनशे शेकेल चांदी आणि सोन्याची एक कांब उचलली आणि आपल्या तंबूत पुरून ठेवली. पुढे आय या लहानशा गावापुढे इस्राएलची फौज हरली, छत्तीस माणसे मेली. त्या छत्तीस जणांनी काही चोरले नव्हते. चोर सापडल्यावर तो तर मेलाच, पण त्याच्या मुलामुलींनाही त्याच्याबरोबर अखोरच्या खोऱ्यात नेले गेले.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात हाच सूर आहे. दावीद राजा गर्वाने प्रजेची शिरगणती करतो आणि साथीत सत्तर हजार माणसे मरतात. त्याच पुस्तकात त्याआधी तीन वर्षांचा दुष्काळ येतो. कारण सांगितले जाते ते असे की, आधीचा राजा शौल याने दिलेला शब्द मोडून गिबोनी लोकांची कत्तल केली होती. भरपाई म्हणून शौलाच्या सात वंशजांना फासावर चढवले जाते. त्यांतल्या दोघांची आई रिस्पा. हंगामाच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत ती गोणपाट अंथरून त्या प्रेतांपाशी बसते, दिवसा पाखरे आणि रात्री जनावरे हाकलते. ते कानावर आल्यावर दावीद अस्थी गोळा करवतो आणि नीट पुरतो. पुस्तक सांगते की त्यानंतर देशासाठी केलेली विनवणी देवाने ऐकली. फाशी आधी झाली होती, पण विनवणी ऐकली गेली ती दफनानंतर. बापाच्या पापासाठी मुलांना लटकवण्याचा हिशेब लिहिणाऱ्यालाही पुरता पटला नसावा, असे या क्रमावरून वाटते.

या कथा शिक्षेचा नमुना म्हणून वाचल्या तर त्या घातक ठरतात. अनुभवाची नोंद म्हणून वाचल्या तर मात्र नाकारता येत नाहीत. एकाने खाल्लेल्या पैशाने पूल पडतो आणि मरतात ते दुसरेच. परिणाम कधी गुन्हेगाराचे नाव विचारून येत नाही.

आंबट द्राक्षे

अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात याला सरळ छेद देणारा कायदा आहे. मुलांच्या अपराधासाठी बापाला मारायचे नाही, बापाच्या अपराधासाठी मुलांना मारायचे नाही, ज्याचे पाप त्यालाच शिक्षा. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात बाबेलच्या बंदिवासात यहेज्केल संदेष्टा हाच मुद्दा अठराव्या अध्यायभर लावून धरतो. बंदिवानांमध्ये तेव्हा एक म्हण रूढ झाली होती. तिचा आशय असा की, आंबट द्राक्षे खाल्ली बापांनी आणि दात आंबले पोरांचे. यहेज्केल म्हणतो, ही म्हण यापुढे तोंडातून काढायची नाही. नीतीने वागणारा बाप, त्याचा दुराचारी मुलगा आणि बापाला पाहून शहाणा झालेला नातू, अशा तीन पिढ्या तो एकामागून एक उभ्या करतो आणि प्रत्येकाचा निवाडा वेगळा करतो.

म्हणीवर त्याचा एवढा राग का, हे समजून घ्यायला हवे. ती म्हण पिढ्यांचे दुःख सांगत होती, आणि त्याच वेळी पळवाटही काढून देत होती. सगळे पूर्वजांनी बिघडवले, आता आमच्या हाती काय आहे, असे म्हणून माणूस मोकळा होतो. जातीबद्दल बोलतानाही आपल्याकडे हेच ऐकू येते. ते मनूने केले, आजोबांनी पाळले, आमचा काय संबंध? यहेज्केल या बोलण्याला दोन्हीकडून धरतो. आजोबांचा दोष तुझ्यावर नाही, आणि म्हणूनच आजच्या तुझ्या वागण्याला आजोबांचे निमित्त चालणार नाही.

मग दहा आज्ञांमध्ये तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाब घेण्याची भाषा आहे तिचे काय? अनेक भाष्यकार म्हणतात की, एका छपराखाली तीन-चार पिढ्या नांदणाऱ्या एकत्र कुटुंबाचे ते वर्णन आहे. आजा गावचा सावकार असला की त्याच्या व्याजाचे धान्य नातवाच्या ताटात येते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रेत कुणाच्या शिवारात?

इथपर्यंत दोन टोके झाली. त्यांच्यामधली वाट अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायातल्या एका विधीत आहे. प्रवचनात तो क्वचितच येतो, पण या सबंध प्रश्नाचा गाभा त्यात आहे.

शेतात एखाद्याचे प्रेत सापडले आणि मारेकरी कोण ते कळत नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांनी आणि न्यायाधीशांनी तिथे जाऊन चहूबाजूंच्या गावांपर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सगळ्यात जवळ भरेल, त्याच्या पंचांनी कामाला न जुंपलेली, मानेवर जू न घेतलेली कालवड घ्यायची. जिथे कधी नांगरले-पेरले नाही आणि पाणी वाहते आहे अशा ओढ्याकाठी तिला न्यायचे आणि तिची मान मोडायची. मग तिच्यावर हात धुऊन जाहीरपणे सांगायचे की, हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही आणि सांडताना आमच्या डोळ्यांनी पाहिलेले नाही. त्यानंतर साऱ्या लोकांसाठी क्षमा मागायची.

या विधीत शिक्षा कुणालाच नाही, पण गाव घरी बसू शकत नाही. तपास लागला नाही म्हणून प्रकरण मिटत नाही. जमीन मोजावी लागते, कामाचा दिवस मोडून पंचांना ओढ्यावर जावे लागते, दावणीचे जनावर गमवावे लागते आणि चारचौघांत बोलावे लागते. पुढे यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्ना या संहितेत विचारले गेले की, गावच्या पंचांनी खून केला असे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? तिथले उत्तर असे की, पंचांच्या बोलण्याचा अर्थ वेगळा आहे. तो माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी परत पाठवले, असे घडले नाही. तो आम्हाला दिसला आणि आम्ही त्याला सोबतीशिवाय जाऊ दिले, असेही घडले नाही. म्हणजे ‘आम्ही मारले नाही’ एवढे पुरत नाही, ‘आम्ही त्याला वाऱ्यावर सोडले नाही’ हेही म्हणता आले पाहिजे.

ही कसोटी खैरलांजीला लावून पाहावी. भोतमांगे कुटुंबाचा शेताच्या रस्त्यावरून गावाशी जुना तंटा होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला जवळच्या गावातल्या त्यांच्या एका नातलगाला मारहाण झाली. त्या प्रकरणात सुरेखा आणि प्रियंका यांनी साक्ष दिली, आरोपींना अटक झाली, आणि जामिनावर सुटले त्याच दिवशी हल्ला झाला. धोका अंधारातून आलेला नव्हता. साक्षीदारांना सोबत कुणी दिली, हा मिश्नाचा प्रश्न गावापाशी थांबत नाही. तो पोलीस ठाण्यापर्यंत, तहसिलीपर्यंत आणि जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत जातो. आनंद तेलतुंबडे यांनी खैरलांजीवरच्या २००८ च्या पुस्तकात जमावाइतकीच पोलीस, प्रशासन आणि प्रसारमाध्यमे यांच्या वागण्याची झडती घेतली ती याच कारणाने. हात धुणारा आणखी एक जण बायबलमध्ये आहे, रोमी सुभेदार पिलात. निर्दोष येशूला वाचवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. तो न वापरता त्याने पाणी मागवले. ओढ्यावर गेलेल्या पंचांनी जबाबदारी घेऊन हात धुतले होते, पिलाताने ती झटकण्यासाठी धुतले.

नाबोथाचा मळा, गिब्याची रात्र

पाप समाजात मुरते कसे, हे दोन कथा फार बारकाईने दाखवतात. पहिली राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. अहाब राजाला भाजीपाल्यासाठी वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. वडिलोपार्जित जमीन म्हणून नाबोथ नकार देतो. राणी ईजबेल स्वतः काही करत नाही. ती राजाच्या शिक्क्याने गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रे लिहिते. उपास जाहीर होतो, सभा भरते, कायद्याला लागतात तेवढे दोन साक्षीदार हजर होतात, ईश्वरनिंदेचा आरोप ठेवला जातो आणि नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचतात. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात त्याच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख येतो. कागदोपत्री सगळे चोख होते. पत्र वाचून त्या गावातला एक जरी पंच ‘हे आम्ही करणार नाही’ म्हणाला असता, तर राजाची इच्छा कागदावरच राहिली असती. गाव करी ते राव न करी, ही म्हण इथे उलट्या अर्थाने खरी ठरते. रावाला जे एकट्याने करता येत नव्हते ते गावाने करून दिले.

दुसरी कथा शास्त्यांच्या पुस्तकाच्या शेवटी आहे, आणि वाचवत नाही इतकी ती भयंकर आहे. प्रवासातला लेवी वंशातला एक माणूस आपल्या उपपत्नीसह बन्यामीन वंशाच्या गिबा गावात मुक्कामाला थांबतो. गावकरी कुणी थारा देत नाहीत, थारा देतो तो बाहेरून येऊन राहिलेला एक म्हातारा. रात्री गावगुंड घराला वेढा घालतात. लेवी स्वतःला वाचवून त्या बाईला बाहेर ढकलतो. सकाळी ती उंबऱ्यावर पडलेली सापडते. इस्राएलचे बाकीचे वंश गुन्हेगार मागतात तेव्हा अख्खा बन्यामीन वंश त्यांना हवाली करायला नकार देतो. आपला तो आपला, मग त्याने काहीही केलेले असो. मूठभरांचा गुन्हा या नकाराच्या क्षणी वंशाचा होतो. जातीचा, भावकीचा किंवा पक्षाचा माणूस म्हणून कुणाला पाठीशी घातले जाते तेव्हा आजही हेच घडते.

कथा तिथे थांबत नाही. संतापलेले वंश युद्ध करतात आणि बन्यामिनाचे सहाशे पुरुष तेवढे उरतात. मग तो वंश बुडू नये म्हणून याबेश-गिलाद या दुसऱ्याच गावाची कत्तल करून तिथल्या चारशे मुली त्यांना दिल्या जातात. त्या पुरत नाहीत म्हणून शिलो गावच्या सणात नाचायला आलेल्या मुली पळवल्या जातात. एका बाईवरच्या अत्याचाराचा न्याय करायला निघालेला समाज शेकडो बायकांवर तोच अत्याचार करून घरी परततो. सामूहिक पापाला सामूहिक सूड हे उत्तर नाही, हे बायबल उपदेश न करता घटना सांगून दाखवते.

नकळत झालेले

सगळी पापे इतकी उघडी नसतात. लेवीय पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक वेगळी शक्यता धरली आहे. सबंध मंडळीकडून चूक होते, ती तिच्या लक्षातही येत नाही. मग ती कळते. कळल्यावर वडीलधाऱ्यांनी गोऱ्ह्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांच्या वतीने अर्पण करायचे. नकळत झाले म्हणून सूट नाही, आणि हेतू वाईट होता असा आरोपही नाही. जबाबदारी कळल्या क्षणापासून सुरू होते.

वैनगंगेच्या काठावर याचे धडधडीत उदाहरण आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये जाते आणि कन्हान वैनगंगेला मिळते. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. धरणात पाणी अडल्यावर ती घाण वाहून जायची थांबली आणि फुगवट्यासोबत भंडारा शहराच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत येऊन टेकली. नदीवर पोट असलेल्या ढिवरांना आणि काठच्या गावांना ती रोज भोगावी लागते. नागपुरात नळ सोडून भांडी घासणाऱ्या कुणाच्याही मनात भंडाऱ्याचे वाईट करावे असे नसते. होशेय संदेष्ट्याने चौथ्या अध्यायात लिहिले आहे की, माणसांतले खरेपण आणि दयामाया आटली की भूमी शोक करते आणि रानची जनावरे, आकाशातली पाखरे, समुद्रातले मासेसुद्धा नाहीसे होतात. हे वाचताना काव्य वाटते, पण वैनगंगेच्या मासेमाऱ्याला ते रोजच्या जाळ्यात दिसते. आणि नाग नदीचे पाणी कुठे जाते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. लेवीय पुस्तकाच्या हिशेबाने ‘नकळत’ हा शब्द वापरण्याची मुदत संपली आहे.

बुरूज कोसळला तेव्हा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात बालक विभागात आग लागली. सतरा बाळांपैकी दहा दगावली, सात वाचवता आली. अशा वेळी लोक ‘कुणाचे तरी पाप’ शोधतात, नशीब म्हणतात, गेल्या जन्माचे म्हणतात. नव्या करारात येशूला दोनदा हाच प्रश्न आला. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारले की, पाप याचे की याच्या आईबापांचे? त्याने दोन्ही नाकारले. लूकच्या तेराव्या अध्यायात बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा विषय निघतो. ते यरुशलेमातल्या इतरांहून अधिक पापी होते का? नाही, असे त्याने साफ सांगितले. पण लगेच तो ऐकणाऱ्यांकडे वळला आणि पश्चात्ताप केला नाही तर तुमचीही तीच गत होईल म्हणाला.

दुर्घटनेचा अर्थ मेलेल्यांच्या खात्यात शोधायचा नाही, तो जिवंत माणसांच्या पुढच्या वागण्यात शोधायचा, असे हे उत्तर सांगते. या उत्तरापुढे २०२१ सालचा महाराष्ट्र फार वाईट ठरतो. भंडाऱ्यानंतर चौकशी झाली, निलंबने झाली, राज्यभरच्या रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश निघाले. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून रुग्ण मेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात तशीच आग लागली आणि अकरा रुग्ण गेले. अपघात एकदा झाला तर त्याला अपघात म्हणता येते. तपासणीचा कागद आणि तपासणी यांतले अंतर माहीत असूनही तसेच राहू दिले, तर ते बायबलच्या भाषेत पाप होते, आणि त्याला एकच बाप नसतो.

अभ्यासकांचा वाद

विसाव्या शतकात एच. व्हीलर रॉबिन्सन यांनी मांडले की, प्राचीन इस्राएली माणूस स्वतःला समूहापासून वेगळे मानतच नव्हता, आखानाच्या कथेचे मूळ तिथे आहे. पुढे जॉन रॉजरसन यांनी या मांडणीच्या मानवशास्त्रीय पायावरच बोट ठेवले, कारण वैयक्तिक जबाबदारीचे कायदेही तितकेच जुने दिसतात. आज ‘आधी समूह, मग व्यक्ती’ अशी सरळ चढण फारसे कुणी मानत नाही. दोन्ही सूर शेजारी शेजारी नांदतात असेच मानले जाते.

धर्मविचारातही दोन प्रवाह आहेत. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायावरून ऑगस्टीनने आदामापासून उतरत आलेल्या मूळ पापाचा सिद्धांत उभा केला. त्यात सारी मानवजात एका होडीत बसते, पण जमीनदार आणि मजूर यांतला फरक दिसेनासा होतो. १९१७ मध्ये अमेरिकी धर्मगुरू वॉल्टर राउशेनबुश यांनी व्यापार, युद्ध आणि शोषण यांतून पाप संस्थांमध्ये मुरते असे मांडले. लॅटिन अमेरिकी बिशपांच्या १९६८ च्या मेदेयीन परिषदेनंतर तिथल्या मुक्तीच्या धर्मविचाराने हा धागा पुढे नेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये सावध मधली वाट काढली. सामाजिक पाप खरे आहे, पण ते अनेकांच्या वैयक्तिक पापांच्या साठ्यातून होते, त्यात करणारे येतात तसे भीतीने, आळसाने किंवा सोयीने गप्प बसणारेही येतात. १९८७ च्या पत्रात त्यांनी पापाच्या संरचनांबद्दल लिहिले.

मराठी ख्रिस्ती लेखनात हा विचार या आधुनिक पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधीच आलेला दिसतो. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत विधवांचे हाल कुणा एका दुष्टामुळे होत नाहीत, चांगली म्हणवणारी घरे रूढी पाळतात म्हणून होतात. पंडिता रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली घेऊन आल्या. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात पापकबुलीचे जे मोठे जागरण झाले, त्यातल्या अश्रूंच्या आधी ही अन्नछत्राची आणि शाळेची वर्षे होती. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी दिलेल्या व्याख्यानापासून दलित धर्मविचार आकाराला आला. त्याने जातीला थेट पाप म्हटले आणि मंडळीलाही त्यातून वगळले नाही. वगळता येणारही नव्हते. सभेत अंगठी घातलेल्या श्रीमंताला पुढची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवणे, याला याकोबाच्या पत्राने पाप म्हटले आहे. आणि जात बाहेर ठेवून चर्चमध्ये शिरलो असे किती मंडळ्या छातीवर हात ठेवून म्हणू शकतील?

शिकवणूक उलटते तेव्हा

सामूहिक दोषाची कल्पना हातात घेताना तिचा इतिहास विसरू नये. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात जमाव येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर आणि मुलाबाळांवर घेतो. त्या ओळीच्या आधारावर युरोपने शतकानुशतके यहुद्यांचा छळ केला. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ जाहीरनाम्यात सर्व यहुद्यांवर हा दोष टाकणे औपचारिकपणे नाकारले. आपल्या देशात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ऑगस्ट १९५२ मध्ये कायदा गेला, पण पोलिसांची पहिली नजर अजून पारध्याच्या पालावरच जाते. यहेज्केलाची गरज पडते ती इथे. जन्मावरून दोष ठरवणारा कोणताही हिशेब तो फाडून टाकतो.

दुसरा धोका याच्या उलट आहे. सगळेच पापी म्हटले की कुणीच पापी उरत नाही. मारणारा, मारू देणारा आणि दूर शहरात बातमी वाचून पान उलटणारा यांना एका रांगेत बसवणे म्हणजे मारणाऱ्याला सवलत देणे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटे सामोपचाराने मिटावेत हा हेतू चांगलाच. पण तक्रार नाही म्हणजे अन्याय नाही, असा अर्थ कुणी घेतला तर यिर्मया संदेष्टा आठवावा. लोकांची जखम वरवर बांधून सगळे क्षेम आहे असे सांगणाऱ्यांवर तो कडाडला होता.

कबुली आणि परतफेड

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तीन ओळींच्या अंतराने दोन वाक्ये येतात. एकमेकांची ओझी वाहा, असे पहिले. प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा, असे दुसरे. वरवर विसंगत वाटणाऱ्या या जोडीत बायबलचा निष्कर्ष आहे. दोष ज्याचा त्याचा असतो, तो वाटून घेता येत नाही. परिणामांचा भार मात्र समाजाला वाटूनच घ्यावा लागतो, कारण तो आधीच समाजावर पडलेला असतो, आणि बहुधा सर्वांत अशक्त खांद्यांवर.

हे करायचे कसे, ते पुढे यहूदाचा सुभेदार झालेला नहेम्या दाखवतो. यरुशलेमाच्या पडक्या तटाची बातमी ऐकून तो प्रार्थना करतो, तीत ‘त्यांनी पाप केले’ असे म्हणत नाही. आम्ही केले, मी आणि माझ्या बापाच्या घराण्यानेही केले, असे म्हणतो. त्याच्या नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ही कबुली व्यवहारात उतरते. दुष्काळात गरिबांनी शेते, मळे आणि घरे गहाण टाकली होती, काहींची पोरे गुलामीत गेली होती, आणि सावकार त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्या त्यांना जाहीर सभेत धरतो. मी आणि माझी माणसेही पैसा आणि धान्य कर्जाने देत आलो आहोत, हे स्वतःच सांगतो. मग शेते, मळे, जैतुनाच्या बागा, घरे आणि घेतलेले व्याज त्याच दिवशी परत करायला लावतो, याजकांना बोलावून शपथा घ्यायला लावतो. कबुली वरून सुरू होते आणि सातबारापर्यंत पोचते. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि लुबाडलेले चौपट परत करतो, तेव्हा कुठे त्याच्या घरी तारण आल्याचे येशू म्हणतो.

म्हणून विदर्भातल्या मंडळ्यांनी, आणि मंडळीबाहेरच्या कोणत्याही गावाने, संस्थेने किंवा कार्यालयाने स्वतःला विचारायचे प्रश्न तीनच उरतात. आपल्याला काय ठाऊक होते? त्यातून आपल्या पदरात काय पडले? आणि ते परत कधी, कुणाला करायचे? पहिल्या दोन प्रश्नांवर परिसंवाद होतात, ठराव होतात, प्रार्थनादिनही पाळले जातात. तिसरा प्रश्न आला की सभा आटोपती घेतली जाते. नहेम्याने सभा तिथेच रोखून धरली होती, आणि शपथ घेतल्याशिवाय एकालाही सोडले नव्हते.